परभणीत क्रिकेटची क्रेझ कमी झाली का? रेडिओपासून रिचार्जपर्यंतची गोष्ट

भारताची मॅच सुरू आहे आणि टीव्हीच्या दुकानासमोर गर्दी नाही. वीस वर्षांपूर्वी परभणीच्या बाजारपेठेत हे चित्र कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आज मॅच असते, पण दुकानदार त्याच्या मोबाईलवर बघतो, गिऱ्हाईक त्याच्या मोबाईलवर, आणि रिक्षावाला फक्त स्कोअर बघून फोन परत खिशात ठेवतो.

यावरून बरेच जण सांगतात, "आता पहिल्यासारखं क्रिकेट राहिलं नाही." दुसरीकडे त्याच जिल्ह्यात दिवाळी उरकली की गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांचे बॅनर लागतात, ऑक्शन होतं, यूट्यूबवर लाईव्ह चालतं.

मग क्रिकेटची लोकप्रियता कमी झाली की वाढली?

परभणीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. मॅच इथपर्यंत पोहोचते कशी? कारण परभणीकरांसाठी क्रिकेट हा कायम लांबून आलेला खेळ आहे, आणि तो कोणत्या वाटेनं घरात आला यावरच त्याचे चाहते कोण हे ठरत गेलं.

स्टेडियम लांब, म्हणून सगळा भरवसा प्रक्षेपणावर

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण मराठवाड्यात सगळ्यांना पाठ आहे. पण क्रिकेटच्या नकाशावर परभणी शोधावी लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. त्यातले सुमारे ६९ टक्के लोक ग्रामीण भागातले. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ही पिकं. आंतरराष्ट्रीय सामना बघायचा तर नागपूरचं जामठा, पुण्याजवळचं गहुंजे किंवा हैदराबादचं उप्पल गाठायचं, म्हणजे साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलोमीटर. तिकीट, प्रवास आणि मुक्काम धरला तर एका मॅचचा खर्च मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही.

आपला म्हणावा असा संघही नाही. महाराष्ट्रात रणजीचे तीन संघ आहेत, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. परभणी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येते आणि तिचं मुख्यालय पुण्यात. आयपीएलमध्ये पुण्याचे दोन संघ आले, पुणे वॉरियर्स (२०११ ते २०१३) आणि रायझिंग पुणे (२०१६ आणि २०१७). दोन्ही बंद पडले.

त्यामुळे इथला चाहता गावाच्या किंवा शहराच्या नावानं संघ धरत नाही, खेळाडू धरतो. धोनीमुळे चेन्नई, कोहलीमुळे बंगळुरू, रोहितमुळे मुंबई. एकाच घरात तीन संघांचे तीन चाहते असतात ते यामुळेच.

पहिली वाट : रेडिओ

टीव्ही यायच्या आधी क्रिकेट कानानं बघितलं जायचं. १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती. साठच्या दशकाच्या अखेरीस परभणीत आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आलं आणि शेतीविषयक कार्यक्रम, भावगीतं, बातम्या यांसाठी रेडिओ घराघरात ऐकला जाऊ लागला. याच रेडिओवर कसोटी सामन्यांचं धावतं वर्णन यायचं.

सुरुवातीला हे वर्णन मुख्यतः इंग्रजीत असायचं, नंतर हिंदी आलं. मराठीत बाळ ज. पंडित यांनी धावत्या समालोचनाला स्वतःची भाषा दिली. चेंडू कुठे टप्पा खाऊन गेला, क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं करायचं त्यांचं कसब जुने श्रोते आजही सांगतात. पुढे वि. वि. करमरकरांनी मराठी वृत्तपत्रात क्रीडा पानाला वजन मिळवून दिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मॅच पुन्हा वाचायची सवय लागली.

पण या काळातला चाहता वर्ग मर्यादित होता. शिक्षक, वकील, सरकारी नोकर, कॉलेजातली पोरं, रेल्वेतले कर्मचारी. पाच दिवस चालणारा खेळ समजायला वेळ आणि थोडं शिक्षण लागायचं. गावात कुस्तीचा फड आणि कबड्डी यांचंच राज्य होतं.

दुसरी वाट : दूरदर्शन

२५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर भारतानं १८३ धावा करून वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं आणि वर्ल्ड कप जिंकला. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की सगळा बदल त्या एका दिवशी झाला असं वाटतं.

प्रत्यक्षात त्या दिवशी मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत टीव्हीच नव्हता. रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झाले होते. १९८४ च्या सुमारास सरकारनं देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभारायचा सपाटा लावला आणि मग लहान शहरांत चित्र दिसू लागलं. वर्ल्ड कप आधी जिंकला, टीव्ही नंतर आला, आणि दोन्ही जवळजवळ आल्यानं क्रिकेटनं मुसंडी मारली.

१९८७ चा वर्ल्ड कप भारत-पाकिस्तानात झाला. ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं हॅट्ट्रिक घेतली आणि त्याच मॅचमध्ये सुनील गावसकरांनी वन-डे कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं. गल्लीत एक टीव्ही, त्यासमोर सतरंजी, छपरावर अँटेना फिरवणारा एक पोरगा आणि खालून "आलं, आलं, गेलं" ओरडणारे दहा जण, असा तो काळ.

वन-डेचा निकाल एका दिवसात लागायचा. ज्याला कसोटी कळत नव्हती त्यालाही "साठ चेंडूंत सत्तर हवेत" हे गणित कळायचं. बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं पहिल्यांदा एकत्र मॅच बघू लागली. क्रिकेट खऱ्या अर्थानं सगळ्यांचं झालं ते इथे.

तिसरी वाट : केबल, सचिन आणि लोडशेडिंग

नव्वदच्या दशकापर्यंत सामने दाखवण्यासाठी क्रिकेट बोर्डालाच दूरदर्शनला पैसे द्यावे लागायचे. १९९३ च्या हिरो कपवेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हक्क परदेशी कंपनीला विकले, वाद झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये कोर्टानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची एकट्याची मक्तेदारी नाही.

या निकालानं खासगी चॅनलांसाठी दार उघडलं. क्रिकेट विकायची वस्तू झाली आणि बोर्ड श्रीमंत व्हायला सुरुवात झाली.

चाहत्यांसाठी हा सचिनचा काळ. एप्रिल १९९८ मध्ये शारजात ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४. सचिन आउट झाला की टीव्ही बंद करणारे लोक घरोघरी होते. त्या वर्षांत जन्मलेल्या किती पोरांची नावं सचिन ठेवली गेली हे शाळांच्या हजेरीपटावरून कळतं.

मग धक्का बसला. एप्रिल २००० मध्ये मॅच फिक्सिंग बाहेर आलं. हैदराबादच्या अझरुद्दीनला मराठवाड्यात मोठा चाहता वर्ग होता. त्याच्यावर डिसेंबर २००० मध्ये आजीवन बंदी आली (पुढे २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली). "सगळं आधीच ठरलेलं असतं" हे वाक्य पारावर तेव्हापासून ऐकू येऊ लागलं, ते आजही थांबलेलं नाही. पण मार्च २००१ मध्ये कोलकात्यात लक्ष्मण-द्रविडनं फॉलोऑननंतर ऑस्ट्रेलियाला हरवायचा पाया घातला आणि लोक परत फिरले.

ग्रामीण परभणीची अडचण वेगळीच होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या गावांनी तासन् तास लोडशेडिंग सोसलं. मॅचच्या दिवशी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर छोटा टीव्ही लावायचा किंवा ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याच्या ओट्यावर जमायचं. अंधारात मॅच बघायला आलेली माणसं मोजून न संपणारी, आणि चहाचा खर्च घरमालकाच्या माथी.

चौथी वाट : फ्री डिश आणि २००७ चा कायदा

आता थोडं थांबून एक कायदा समजून घ्यायला हवा, कारण परभणीच्या गावात आजही मॅच दिसते ती बऱ्याच अंशी या कायद्यामुळे.

जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला होता. प्रक्षेपणाचे हक्क निम्बस कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला थेट चित्र द्यायला ती तयार नव्हती. ज्यांच्याकडे केबल नाही त्यांनी भारताची घरची मॅच बघायची नाही का, असा ओरडा झाला. दिल्ली उच्च न्यायालयानं सात मिनिटं उशिरानं दूरदर्शनवर दाखवायची सोय केली. लगेच फेब्रुवारीत सरकारनं अध्यादेश काढला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला.

कायदा सांगतो की राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचं चित्र खासगी चॅनलनं प्रसार भारतीला द्यायलाच हवं. टीव्हीवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नात हक्क असलेल्या कंपनीचा वाटा ७५ टक्के, प्रसार भारतीचा २५ टक्के.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं यात एक रेघ मारली. हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. त्यामुळे गंमत अशी झाली की महिन्याला पैसे भरून केबल घेणाऱ्याला दूरदर्शनवर मॅच दिसत नाही आणि एकदाच डिश बसवून एक रुपयाही न भरणाऱ्याला दिसते.

शेतमजूर, छोटे शेतकरी, वीटभट्टीवर राहणारी कुटुंबं यांच्या पत्र्यावर दिसणारी ती छत्री फक्त सिनेमांसाठी नसते.

पण या कायद्याची एक मर्यादा आहे. त्यात भारतीय संघाचे सामने येतात, आयपीएल येत नाही.

पाचवी वाट : आयपीएल आणि जिओ

२००७ हे वर्ष दोन टोकांचं होतं. मार्चमध्ये भारत वन-डे वर्ल्ड कपच्या पहिल्याच फेरीतून बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये धोनीच्या पोरांनी जोहान्सबर्गला पाकिस्तानला पाच धावांनी हरवून पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप आणला. १८ एप्रिल २००८ ला आयपीएल सुरू झाली. तेव्हा आठ संघ आणि ५९ सामने होते. आता दहा संघ आणि ७४ सामने आहेत.

आयपीएलनं वेळ बदलली. वन-डे शेतातल्या आणि दुकानातल्या दिवसाला छेद द्यायची. आयपीएलची मॅच संध्याकाळी साडेसातला सुरू होते. एप्रिल-मे म्हणजे परभणीत पारा ४२-४३ च्या वर, रब्बी निघालेली, शाळांना सुट्ट्या, अंगणात बाज टाकलेली. उन्हाळ्याच्या रात्रीची करमणूक म्हणून ती चपखल बसली.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागायचे. डेटा स्वस्त झाला आणि टीव्ही घरातल्या कोपऱ्यातून खिशात आला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते.

२०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यात डिजिटल हक्कांची किंमत टीव्हीच्या हक्कांच्या बरोबरीला आली. म्हणजे कंपन्यांनाही कळलं की पुढचा चाहता मोबाईलवर आहे.

२०२३ ची आयपीएल जिओसिनेमानं फुकट दाखवली, तीही बारा भाषांत. मराठी त्यात होती. केदार जाधव तेव्हा मराठी कॉमेंट्री करत होता आणि कॉमेंट्री करता करताच त्याला बंगळुरूच्या संघातून खेळायचं बोलावणं आलं. ज्या घरात इंग्रजी कॉमेंट्रीचा आवाज बंद करून मॅच बघितली जायची, तिथे आजी-आजोबाही पुन्हा ऐकू लागले.

आणि मग रिचार्ज

फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. २०२५ च्या आयपीएलला काही मिनिटं फुकट दाखवायची आणि मग पैसे मागायचे अशी पद्धत आली. मोबाईलसाठी तीन महिन्यांचा प्लॅन १४९ रुपयांपासून, किंवा ठरावीक रकमेच्या रिचार्जसोबत मोफत.

१४९ रुपये हा शहरात एका कॉफीचा भाव आहे. पण हिशोब वेगळा करून बघा. गल्लीत एक टीव्ही होता तेव्हा एका कनेक्शनवर तीस जण मॅच बघायचे. मोबाईलवर प्रत्येकाचा डेटा वेगळा आणि प्लॅन वेगळा. ज्या घरात दोनच स्मार्टफोन आहेत, त्यातला एक नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या पोराकडे आणि दुसरा वडिलांकडे, तिथे आई आणि आजी मॅचच्या बाहेर पडतात. कुणी त्यांना अडवलेलं नसतं, फक्त त्यांच्या हातात स्क्रीन नसते.

सध्या साधारण चित्र असं आहे :

- फ्री डिश असेल तर भारतीय संघाचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर महिन्याचं भाडं न देता दिसू शकतात.
- आयपीएल या कायद्यात येत नाही, त्यामुळे ती पूर्ण बघायला केबल, खासगी डिश किंवा ॲपचे पैसे लागतात.
- रेडिओवर भारताच्या मोठ्या सामन्यांची कॉमेंट्री आकाशवाणी देते. त्यासाठी साधा रेडिओ पुरतो.

ज्यांना पैसे भरायचे नाहीत ते काय करतात? हायलाइट्स बघतात, रील्स बघतात, स्कोअर बघतात. चार तासांच्या मॅचमधले दोन षटकार आणि एक कॅच एवढंच त्यांच्यापर्यंत पोहोचतं. अशा चाहत्याला खेळाडू माहीत असतो, त्याची हेअरस्टाईल माहीत असते, पण त्या दिवशी मॅच फिरली कुठे हे सांगता येत नाही. क्रिकेटचा चाहता आणि क्रिकेटपटूचा चाहता यात अंतर पडलं ते इथे.

त्यात रोहित आणि कोहलीनं जून २०२४ मध्ये टी-ट्वेंटी आणि मे २०२५ मध्ये कसोटी सोडली. दोघं भारताकडून फक्त वन-डे खेळायला उरले आणि वन-डे आता कमी होतात. खेळाडूवर जीव लावून क्रिकेट बघणाऱ्यांना भारताची मॅच लावायला एक कारण कमी झालं.

टीम लावणारा चाहता

मोबाईलनं आणखी एक प्रकार जन्माला घातला. त्याला भारत जिंकतो की हरतो यापेक्षा आपल्या "टीम"मधल्या यष्टीरक्षकाला किती पॉइंट मिळाले याची काळजी असते.

फँटसी ॲपवर ४९ रुपये लावायचे आणि कोटीचं स्वप्न बघायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या एका पोलीस उपनिरीक्षकानं असे दीड कोटी जिंकले, राज्यभर बातमी झाली आणि काही दिवसांत तो निलंबितही झाला. पहिली बातमी गावागावात पोहोचली, दुसरी तितकी पोहोचली नाही.

जिंकणारा एक आणि हरणारे लाखो, हे गणित जाहिरातीत दिसत नव्हतं. पीकविम्याचे किंवा सोयाबीनचे पैसे खात्यावर आले की पोरांच्या हातात थोडे खेळतात, आणि त्यातलेच मॅचवर जातात, ही तक्रार घराघरात होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. ड्रीम इलेव्हननं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून त्यांचं नावही गेलं. कायद्यानं उघड दुकान बंद झालं. मात्र बेकायदा सट्टा त्याआधीही होता, आणि तो ॲप स्टोअरवर विचारून चालत नाही.

फक्त पैशांसाठी मॅच बघणाऱ्यांतले किती जण आता क्रिकेटसाठी क्रिकेट बघतील, हे पुढच्या एक-दोन हंगामांत कळेल.

बघणं तुटक झालं, पण खेळणं?

इथे चित्र उलटं आहे.

सोयाबीन निघालं, शेत मोकळं झालं की रोलर फिरवून पिच तयार होतं. चुन्याच्या रेषा, मंडप, स्पीकर. कुठे आमदार चषक, कुठे सरपंच चषक, कुठे गावाच्या नावानं प्रीमियर लीग. पहिलं बक्षीस ५१ हजार अमुक साहेबांकडून, दुसरं २१ हजार तमुक भाऊंकडून. बॅनरवर खेळाडूंपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. निवडणूक जवळ असेल तर बक्षिसाचा आकडाही वाढतो.

पूर्वीही हे होतं. नवं काय आहे, तर स्कोअर वहीतून ॲपवर गेला. क्रिकहीरोजसारख्या ॲपमुळे गावातल्या पोराच्या नावापुढे स्ट्राईक रेट आणि इकॉनॉमी दिसते. मॅच यूट्यूबवर लाईव्ह जाते आणि चाकणच्या कंपनीत नाईट शिफ्टला असलेला गावचा पोरगा तिथून कॉमेंट टाकतो. गावाकडच्या या मॅचला मराठवाडी बोलीतली कॉमेंट्री असते आणि ती बऱ्याचदा खेळापेक्षा जास्त रंगते.

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल लीग सुरू झाली. "माझी मुंबई" संघाचे मालक अमिताभ बच्चन. गल्लीतल्या क्रिकेटला पैसा आणि टीव्ही मिळू शकतो, हे पोरांनी डोळ्यांनी बघितलं.

म्हणजे ज्या पोराकडे आयपीएल बघायला प्लॅन नाही, तोही रविवारी मैदानावर असतो.

टेनिस बॉल ते लेदर बॉल : मधली दरी

पण टेनिस बॉलमध्ये कितीही षटकार मारले तरी ती वाट भारतीय संघाकडे जात नाही. त्यासाठी लेदर बॉल खेळावा लागतो. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तो लागला की हाड मोडतं. म्हणून हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज, गार्ड लागतात. चांगल्या विलोची बॅट हजारांत जाते. सराव करायला टर्फ किंवा मॅटिंग विकेट लागते आणि तिची निगा राखायला माणूस आणि पाणी. मार्चनंतर टँकरची वाट बघणाऱ्या गावात पिचला पाणी कोण मारणार?

त्यानंतर निवडीची पायरी. जिल्ह्याचा संघ, मग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या आंतरजिल्हा स्पर्धा, मग १६, १९, २३ वर्षांखालचा राज्याचा संघ. चाचणीला पुण्याला जायचं तर प्रवास, राहणं आणि सोबत जाणाऱ्या वडिलांची बुडालेली मजुरी.

ही दरी पार होते, पण क्वचित. शेजारच्या जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताचं नेतृत्व केलं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा ज्युनियर वर्ल्ड कप जिंकून आयपीएलमध्ये गेला. अंबाजोगाईच्या दिग्विजय देशमुखनं लहानपणी "काय पो छे" सिनेमात क्रिकेटवेड्या अलीची भूमिका केली आणि पुढे खरोखरच मुंबई इंडियन्सनं त्याला विकत घेतलं.

आणि बीडचा सचिन धस. सचिन तेंडुलकरच्या नावावरून वडिलांनी नाव ठेवलं. ६ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत ज्युनियर वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत ४ बाद ३२, समोर २४५ चं लक्ष्य. त्यानं ९६ धावा काढून मॅच फिरवली.

जालना आणि बीड हे दोन्ही जिल्हे परभणीला लागून आहेत. हवा, दुष्काळ, शाळा, घरची परिस्थिती यांत फारसा फरक नाही. तिथून पोरं निघाली ती घरच्यांनी जीव ओतला आणि जवळ चांगला प्रशिक्षक मिळाला म्हणून. टीव्हीवर क्रिकेट किती दिसतं याचा त्याच्याशी संबंध थोडा.

२०२३ मध्ये नव्यानं सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे ग्रामीण पोरांना पुण्यात चमकायची एक जागा मिळाली आहे. सुरुवातीला मराठवाड्याचा म्हणून छत्रपती संभाजी किंग्ज हा संघही होता. पण तिथपर्यंत पोहोचायला आधी जिल्ह्यात लेदर बॉल खेळायला मिळायला हवा.

मैदानावर दुसरीच रांग

लोकप्रियतेचा विषय निघाला की कबड्डी, फुटबॉल, मोबाईल गेम यांना दोष दिला जातो. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जानेवारी २०२५ मध्ये भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला. त्यांचा चाहता वर्ग वाढला, पण त्यामुळे क्रिकेटची जागा गेली असं दिसत नाही.

क्रिकेटच्या वयातल्या पोरांना खरं ओढून घेते ती भरती. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. अठरा ते पंचवीस वयात घरून एकच प्रश्न असतो, नोकरीचं काय? क्रिकेटकडे त्याचं उत्तर नसतं, धावण्याकडे निदान आशा असते.

शिवाय गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातून काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, अनेक तरुण पुणे-संभाजीनगरच्या कंपन्यांत. त्यामुळे गावाचा संघ वर्षभर अकराचा राहत नाही. दिवाळी आणि जत्रेला पोरं परत आली की तो पुन्हा पूर्ण होतो.

मुली : सगळ्यात नवा चाहता वर्ग

२३ जुलै २०१७ ला महिला संघ वर्ल्ड कप फायनल नऊ धावांनी हरला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की मुलींचाही वर्ल्ड कप असतो. २०२२ मध्ये बोर्डानं महिला आणि पुरुषांची मॅच फी सारखी केली. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. ३० ऑक्टोबर २०२५ ला सेमीफायनलमध्ये जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. संघाची उपकर्णधार सांगलीत वाढलेली स्मृती मानधना.

सांगली हे महानगर नाही, आणि हीच गोष्ट सेलू-मानवतच्या मुलीसाठी मोठी आहे. मात्र गावातल्या स्पर्धांत मुलींचा सामना अजून विरळाच. शाळेच्या संघातून खेळायचं आणि दहावीनंतर थांबायचं, असाच बहुतेकींचा प्रवास.

मग क्रेझ कमी झाली का?

सगळ्यांनी एकाच वेळी एकच मॅच बघणं कमी झालं, हे खरं. रेडिओ, दूरदर्शन आणि फ्री डिश यांनी क्रिकेट एकत्र बसून बघायला लावलं. मोबाईलनं ते प्रत्येकाच्या हातात दिलं आणि आता त्याचं वेगवेगळं बिल येतं. म्हणून चौकातली गर्दी दिसत नाही, आणि गर्दी दिसत नाही म्हणून आवड संपली असं वाटतं.

भारत वर्ल्ड कपच्या फायनलला गेला की परभणीचे रस्ते आजही ओस पडतात. २९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसमध्ये भारत सात धावांनी जिंकला, तेव्हा फटाके कुठल्या ॲपवर वाजले नव्हते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १२८ वर्षांनी क्रिकेट परत येतंय. त्यातल्या भारताच्या मॅच पालमच्या वस्तीवर फुकट दिसणार का, आणि तोपर्यंत तिथल्या पोराला किंवा पोरीला लेदर बॉल हातात धरायला मिळणार का, या दोन प्रश्नांची उत्तरं जिल्ह्यातल्या क्रिकेटचं पुढचं ठरवतील. मॅच बघायची आणि खेळायची आवड इथे पूर्वीइतकीच आहे. तिचा खर्च कुणी उचलायचा, एवढंच ठरायचं बाकी आहे.